हंससरोवरातले वेचे

शाळेतल्या क्रमिक पुस्तकांनी आपणां सर्वांना एक सवय लावून ठेवली आहे. ती म्हणजे वेच्यांची. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्यांपैकी पंधरा-वीस, मोरोपंतांच्या डोंगराएवढ्या काव्यातून दहा-बारा आर्या आणि एखाद्या कादंबरीतली चार पाने, एवढ्या शिदोरीवर पुष्कळांचा वाङ्मयप्रवास सुरू होतो आणि दुर्दैवाने तेथेच संपतोही. मराठी शिकवणाऱ्या माणसाला या वेच्यांचे गुण आणि अवगुण दोन्ही रोज हाताळावे लागतात. चांगला वेचा वाचून एखादा मुलगा मूळ ग्रंथ मागावयास ग्रंथालयात जातो. वाईट वेचा मात्र मूळ ग्रंथाची वाटच बंद करतो. कारण 'हे आपण वाचले आहे' अशी समजूत तो करून देतो.

संगीतातही हा व्यवहार चालतो. जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात मावेल असे नाट्यपद रंगभूमीवरून उचलले गेले, दिवाणखान्यात आले आणि घरोघर गुणगुणले जाऊ लागले. ते कोणत्या अंकातले, कोण कोणाला उद्देशून म्हणतो आणि ते म्हणताना त्याच्या जिवाची काय अवस्था झालेली असते, हे हळूहळू विसरले गेले. पद राहिले, नाटक गेले. पाश्चात्त्य संगीतातल्या नृत्यनाट्यांचे, म्हणजे ज्याला बॅले म्हणतात त्यांचे, अगदी हेच झाले आहे. ज्यांनी आयुष्यात एकही बॅले पाहिलेला नाही अशा लक्षावधी लोकांच्या कानांवरून चायकोव्हस्कीच्या 'स्वान लेक'मधली ती ओबोची व्याकूळ सुरावट गेलेली असते. एखाद्या चित्रपटात, जाहिरातीत, किल्ली दिली की वाजणाऱ्या पेटीत ती भेटते. ती ऐकली म्हणजे 'स्वान लेक' ऐकले काय?

या प्रश्नाचा विचार करावयास एक चांगले निमित्त आहे. 1962 साली लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा या वाद्यवृंदाने पिएर माँत्यू यांच्या संचालनाखाली 'स्वान लेक'मधील निवडक भागांचे ध्वनिमुद्रण फिलिप्स कंपनीसाठी केले. साठ वर्षे उलटून गेली, लाँग प्लेइंग तबकड्या गेल्या, कॉम्पॅक्ट डिस्क आल्या आणि त्याही मागे पडल्या. पण हे ध्वनिमुद्रण पुनःपुन्हा निघत राहिले आणि आता तर खिशातल्या मोबाईलवरही ते ऐकता येते. वेच्यांची तबकडी असूनही मूळ ग्रंथाची ओढ लावण्याचे सामर्थ्य तिच्यात कोठून आले, हे पाहण्यासारखे आहे.

सरोवराची कथा

प्रथम कथा सांगितली पाहिजे. कारण ती ठाऊक नसली तर सगळे संगीत केवळ गोड वाटते, आणि ते केवळ गोड नाही.

राजपुत्र सीगफ्रीड वयात आला आहे. उद्याच्या समारंभात त्याने वधू निवडावी अशी राणीमातेची आज्ञा आहे. त्या संध्याकाळी आकाशातून हंसांचा थवा जाताना दिसतो आणि तो धनुष्य घेऊन मागोमाग निघतो. सरोवराकाठी त्याला कळते की हे हंस म्हणजे शापित कुमारिका आहेत. रॉथबार्ट नावाच्या मांत्रिकाने त्यांना हंस केले आहे. मनुष्यरूप मिळते ते फक्त रात्री. त्यांची राणी ओडेट. ज्याने पूर्वी कोणालाही प्रेमाचे वचन दिलेले नाही अशा पुरुषाने एकनिष्ठेची शपथ घेतली, तरच शाप सुटावयाचा. सीगफ्रीड तसे मनोमन ठरवतो. दुसऱ्या दिवशी दरबारात मांत्रिक आपली मुलगी ओडील हिला हुबेहूब ओडेटच्या रूपात घेऊन येतो. राजपुत्र फसतो आणि भरसभेत तिला वचन देऊन बसतो. त्याच क्षणी खिडकीपलीकडे खरी ओडेट तडफडताना दिसते. तो धावत सरोवराकडे जातो. ती त्याला क्षमा करते, पण दिलेला शब्द मागे घेता येत नाही. वादळ उठते, आणि दोघेही सरोवरात देह टाकतात.

शब्दाची किंमत प्राणाने चुकवावी लागते, ही कल्पना आपल्या मनाला परकी नाही. आपली पुराणे शापांनी आणि शपथांनी भरलेली आहेत. फरक इतकाच की येथे शब्द मोडणारा दुष्ट नाही. त्याचे डोळे फसले, मन फसले नाही. आणि तरीही शिक्षा चुकत नाही. या एका गोष्टीमुळे परीकथेला शोकांतिकेचे वजन आले आहे.

येथे एक गैरसमजही दूर करून टाकलेला बरा. ॲना पाव्हलोव्हा या जगप्रसिद्ध रशियन नर्तकीचे मरणोन्मुख हंसाचे नृत्य आणि 'स्वान लेक' ही एकच, अशी पुष्कळांची समजूत असते. पाव्हलोव्हा 1922-23च्या दौऱ्यात हिंदुस्थानातही येऊन गेली आणि पुढे तिच्याबरोबर उदयशंकरांनी नृत्ये केली, त्यामुळे तिचे नाव आपल्याकडे विशेष परिचित आहे. पण तिचे ते छोटे नृत्य सॅं-सांस या फ्रेंच संगीतकाराच्या सुरावटीवरचे आहे. चायकोव्हस्कीचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

एका अपयशी कृतीचे भाग्य

चायकोव्हस्कीने हे संगीत 1875-76 या काळात लिहिले. मॉस्कोच्या सरकारी रंगभूमीने त्याबद्दल त्याला आठशे रूबल देऊ केले होते. पहिला प्रयोग 4 मार्च 1877 रोजी बोल्शोय रंगमंदिरात झाला. त्या काळी बॅलेचे संगीत लिहिणारे लोक वेगळे असत. नर्तिकेला अमुक इतक्या मात्रांचा तुकडा हवा म्हटले की त्यांनी तो कापडासारखा कापून द्यावयाचा, असा तो धंदा होता. अशा ठिकाणी एक सिंफनीकार आला आणि त्याने अंकामागून अंक एका सूत्रात ओवलेले संगीत पुढे ठेवले. वादकांना ते अवघड गेले, नर्तकांना ते जड वाटले. पहिल्या प्रयोगाला मोठेसे यश लाभले नाही. पुढे पुढे तर त्यातले भाग काढून तेथे दुसऱ्यांचे तुकडे घालण्यात येऊ लागले. एका नर्तिकेने आपल्यासाठी दुसऱ्या संगीतकाराकडून एक युगुलनृत्य लिहून घेतले. हे कळल्यावर चायकोव्हस्कीने तिच्या त्याच पदन्यासावर बेतेल असे नवे संगीत स्वतः लिहून दिले, ते केवळ आपल्या कृतीत परके ठिगळ नको म्हणून.

स्वतः चायकोव्हस्कीला तरी या कृतीचे मोल कळले होते काय? देलीब या फ्रेंच संगीतकाराचे 'सिल्व्हिया' हे बॅले ऐकल्यावर त्याला आपले 'स्वान लेक' त्यापुढे अगदीच फिके वाटले, आणि तसे त्याने पत्रातून लिहूनही टाकले. मोठ्या कलावंतांना स्वतःविषयी असे विपरीत भास होत असतात. 1888 साली प्रागमध्ये त्याने यातला दुसरा अंक पाहिला आणि त्या रात्रीच्या निखळ आनंदाची नोंद रोजनिशीत केली. याहून अधिक सुख या कृतीने त्याला दिले नाही. 1893 साली तो वारला.

त्यानंतर 1895 साली सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की रंगमंदिरात मारियस पेतिपा आणि लेव्ह इवानोव्ह यांनी हे बॅले नव्याने बसवले. सरोवराकाठचे अंक इवानोव्हचे, दरबाराचे पेतिपाचे. रिकार्डो ड्रिगो याने संगीतात काटछाट केली, क्रम बदलला, चायकोव्हस्कीच्या पियानोच्या तीन रचना वाद्यवृंदासाठी लिहून मध्ये घातल्या. पहिल्या अंकातले एक युगुलनृत्य उचलून तिसऱ्या अंकात गेले. आज 'काळ्या हंसिनीचे नृत्य' म्हणून जे गाजते ते हेच. पिएरिना लेन्यानी हिने त्यात एका पायाच्या टोकावर बत्तीस गिरक्या घेतल्या, आणि तेव्हापासून प्रेक्षक त्या गिरक्या मोजत आले आहेत. या प्रयोगाने 'स्वान लेक' जगात गेले. रशियात तर ते इतके घरचे झाले की ऑगस्ट 1991मध्ये मॉस्कोत सत्तापालटाचा प्रयत्न झाला, तेव्हा दूरदर्शनने बातम्यांच्या जागी हेच बॅले दाखवले. पुढे कित्येक रशियनांना हंसांची ती सुरावट ऐकली की राज्य डळमळल्याची आठवण होई!

निवड कोणी करायची?

संपूर्ण 'स्वान लेक' सुमारे अडीच तासांचे आहे. त्यातून काय उचलावे याची अधिकृत यादी चायकोव्हस्कीने मागे ठेवली नाही. 1882 साली त्याने प्रकाशकाला पत्र लिहून या बॅलेतून एक मालिका काढण्याची इच्छा बोलून दाखवली होती. पण ती त्याच्या हयातीत निघाली नाही. 1900 साली सहा भागांची जी मालिका छापली गेली ती त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. आज मैफलीत वाजते ती बहुधा हीच.

याच्या उलट उदाहरण 'नटक्रॅकर'चे. त्यातल्या आठ तुकड्यांची निवड संगीतकाराने स्वतः केली, आणि ते बॅले डिसेंबर 1892मध्ये रंगभूमीवर येण्यापूर्वी, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये लोकांना ऐकवलीही. छोटी प्रस्तावना, सैनिकी चाल, चेलेस्टा या त्या वेळी नव्याच असलेल्या वाद्यावरचे परीचे नृत्य, रशियन, अरबी आणि चिनी नृत्ये, बासऱ्यांचे नृत्य आणि शेवटी फुलांचे वॉल्ट्झ. दिवाळीच्या फराळाचे ताट जणू! पण गंमत अशी की त्या बॅलेतले सर्वांत उत्कट संगीत, म्हणजे उतरत्या स्वरपंक्तीवर उभारलेले ते भव्य युगुलनृत्य, या ताटात नाही. संगीतकाराने स्वतःच ते बाहेर ठेवले. त्याला लोकांना रिझवायचे होते, कथा सांगायची नव्हती. तेव्हा निवड संगीतकाराने केली म्हणजे ती कृतीचे सार होते असेही नाही. वेचे कोणी काढले याइतकेच ते कशासाठी काढले याला महत्त्व आहे.

'स्वान लेक'च्या बाबतीत हे काम संचालकावर येऊन पडते. सहा भागांच्या छापील मालिकेवर थांबावे, की स्वतः वेचावे? माँत्यूने स्वतः वेचले. प्रस्तावनेपासून अंतिम दृश्यापर्यंत, चारही अंकांतून वाट काढीत त्याने तबकडीच्या दोन बाजू भरल्या. दीड तासाहून अधिक संगीत अर्थातच बाहेर राहिले. पण जे आत आले त्याला आरंभ आहे, मध्य आहे आणि अंत आहे. ही तबकडी वाजवली म्हणजे फराळाचे ताट समोर येत नाही, गोष्ट समोर येते. तिचा पहिला मोठा गुण हाच.

सत्त्याऐंशी वर्षांचा म्हातारा

माँत्यूचा जन्म पॅरिसचा, 4 एप्रिल 1875चा. ज्या वर्षी चायकोव्हस्कीने 'स्वान लेक' लिहावयास घेतले त्याच वर्षी हा माणूस जन्मला, आणि ती कृती ध्वनिमुद्रित करताना तो सत्त्याऐंशी वर्षांचा होता. एक वर्ष आधी, 1961 साली, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने त्याला प्रमुख संचालक नेमले तेव्हा त्याने पंचवीस वर्षांचा करार मागितला, आणि तो संपल्यावर आणखी पंचवीस वर्षांनी वाढवण्याची सोयही करून घेतली. 1964 साली त्याचे निधन झाले. पंचवीसांपैकी तीनच वर्षे हाती लागली. पण त्या तीन वर्षांत त्याने मागे ठेवले ते पाहता वाद्यवृंदाला सौदा महाग पडला असे कोणी म्हणणार नाही.

सुरुवातीला तो व्हायोला वाजवणारा साधा वादक होता. म्हणजे वाद्यवृंदाच्या मधोमध बसून, स्वतः फारसे पुढे न येता, इतरांचे ऐकण्याची त्याला सवय. पुढे डियागिलेव्हच्या प्रख्यात रशियन बॅलेमंडळीचा तो संचालक झाला. स्ट्राविन्स्कीचे 'पेत्रुश्का' 1911 साली, राव्हेलचे 'दाफ्नी आणि क्लोए' 1912 साली आणि 29 मे 1913 रोजी स्ट्राविन्स्कीचे 'वसंतयाग', या सर्वांचे पहिले प्रयोग त्याच्या छडीखाली झाले. 'वसंतयागा'च्या पहिल्या रात्री प्रेक्षागृहात एवढा गोंधळ माजला की नर्तकांना वाद्ये ऐकू येईनात. माँत्यू मात्र मागे वळूनही न पाहता शेवटच्या मात्रेपर्यंत वाजवीत राहिला. स्ट्राविन्स्कीला त्या वेळी तो मगरीसारखा निर्विकार वाटला.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की बॅलेचे संगीत वाजवताना दोन प्रकारचे दोष होतात. रंगमंदिरात वाद्यवृंदाचा संचालक अर्धा डोळा नर्तिकेच्या पावलांवर ठेवून असतो. तिला उडी घेऊन अधांतरी क्षणभर रेंगाळायचे असेल तर तालालाही रेंगाळावे लागते. त्यामुळे तेथे कित्येकदा संगीत ओढले, ताणले जाते. ध्वनिमुद्रणगृहात पावले नसतात, आणि मग उलटा दोष येतो. कोणी अडवणारे नसल्याने वाद्यवृंद आपली चपळाई दाखवीत सुसाट सुटतो. अशा वेळी ऐकणाऱ्याला वाटते, हे नाचणार कोण? माणसे की यंत्रे?

माँत्यूच्या वादनात हे दोन्ही दोष नाहीत. पावले समोर नसतानाही ती त्याच्या मनात आहेत. पण तो त्यांचा नोकर झालेला नाही.

ऐकण्याच्या चार जागा

घरच्या मंडळींनी ही तबकडी ऐकताना चार ठिकाणी विशेष कान द्यावा, असे सुचवतो.

पहिली जागा पहिल्या अंकातले वॉल्ट्झ. वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचे आवर्तन; पहिली मात्रा वजनदार, पुढच्या दोन हलक्या. आपल्या दादऱ्याची सवय असलेल्या कानाला हे झुलणे लगेच ओळखू येते. आरंभी व्हायोलिनच्या तारा गजाने न वाजवता बोटांनी छेडल्या जातात आणि मग सुरावट उमलते. पुष्कळ संचालक येथे पहिल्या मात्रेवर असा काही भार देतात की नाचणारे जोडपे जिने चढत आहे असे वाटावे. माँत्यू भार देतो तो पुढच्या दोन मात्रांना उचलण्यापुरताच. वॉल्ट्झ लांब आहे. पण त्यात एकच कल्पना परत परत घोळवली जात आहे असे एकदाही वाटत नाही. प्रत्येक नवी सुरावट आधीच्या सुरावटीला दिलेल्या उत्तरासारखी येते.

याचे एक कारण बैठकीत आहे. आजकाल बहुतेक वाद्यवृंदांत पहिली आणि दुसरी व्हायोलिने एकाच बाजूला बसतात. माँत्यू जुन्या पद्धतीप्रमाणे त्यांना समोरासमोर बसवी. पहिली डावीकडे, दुसरी उजवीकडे. स्टीरिओ ध्वनिमुद्रणात त्याचा फायदा स्पष्ट दिसतो. एका बाजूने प्रश्न, दुसऱ्या बाजूने उत्तर, असा संवाद खोलीभर चालतो. चायकोव्हस्की लिहीत होता तो याच बैठकीसाठी. एरवी दुसरी व्हायोलिने म्हणजे तंबोऱ्याच्या मागे लपलेल्या साथीदारासारखी. येथे त्यांना चेहरा मिळतो.

दुसरी जागा दुसऱ्या अंकाचे प्रवेशदृश्य, म्हणजे ती सर्वपरिचित सुरावट. तंतुवाद्यांचा मंद थरकाप, हार्पच्या लहरी आणि त्यावर एकटा ओबो. ओबोचा आवाज थोडा सानुनासिक. आपल्या सनईच्या कुळातलाच तो, पण सनई मंगलाची आणि हा विरहाचा. ही सुरावट इतकी झिजली आहे की तिच्यात जीव भरण्याच्या नादात संचालक सहसा ती लांबवतात, हुंदके घालतात. माँत्यू तसे काहीही करीत नाही. ओबो सरळ गातो, श्वास घेतो, पुढे जातो. मग तीच सुरावट हॉर्न उचलतात, सगळा वाद्यवृंद चढत जातो, आणि ज्याला आपण केवळ हळवेपणा समजत होतो त्यामागे केवढे भय दडलेले आहे ते अचानक कळते. करुण रसाचा नियमच आहे. रडणाऱ्याने कमी रडावे म्हणजे ऐकणाऱ्याला रडू येते.

तिसरी जागा हंसशावकांचे नृत्य आणि त्याच्याच शेजारचे प्रेमिकांचे नृत्य. शावकांचे नृत्य उणेपुरे दीड मिनिटाचे. रंगभूमीवर चार मुली एकमेकींचे हात गुंफून पावलाला पाऊल जुळवीत नाचतात. दोन बासून ठुमकत ठेका धरतात आणि ओबो त्यावर सुरावट म्हणतात. वेगाचा मोह येथे सर्वांत जास्त. माँत्यू तो आवरतो. बासूनचा प्रत्येक स्वर गोटीसारखा सुटा आणि गोल ऐकू येतो, आणि त्या गांभीर्यातच खरा विनोद आहे. लहान मुले मोठ्यांसारखी शिस्तीत चालू लागली म्हणजे हसू येते तसा.

प्रेमिकांचे नृत्य मात्र या सगळ्या कृतीचे हृदय आहे. हार्प एक मोठा उपोद्घात करते, मग एकटे व्हायोलिन ओडेटची कहाणी सांगू लागते. थोड्या वेळाने तीच कहाणी चेलो आपल्या खर्जात घेतो आणि व्हायोलिन तिच्याभोवती नाजूक नक्षी विणीत राहते. एक स्त्रीचा स्वर, एक पुरुषाचा. हे संगीत मुळात चायकोव्हस्कीच्या 'उन्डीना' या 1869 सालच्या ऑपेरातले प्रेमिकांचे द्वंद्वगीत होते. ती ऑपेरा त्याने स्वतःच पुढे नष्ट केली, पण हे गीत वाचले. शब्द गळून पडले, तरी स्वरांत संवाद शिल्लक राहिला. माँत्यूची चाल येथे रंगमंदिरातल्यापेक्षा जरा पुढची आहे. नर्तिकेला ती कदाचित घाईची वाटेल. पण ऐकणाऱ्याला वाक्य पूर्ण ऐकू येते. सावकाश चालीत प्रत्येक स्वर सुंदर लागतो आणि वाक्य हरवते. येथे वाक्य हरवत नाही, आणि चेलो बोलू लागतो तेव्हा तो खरोखरच कोणाला तरी उत्तर देत असतो.

चौथी जागा शेवट. या बॅलेचे शेवट जगभर निरनिराळे केले जातात. कोठे दोघे बुडतात, कोठे ती मरते आणि तो उरतो. सोव्हिएत काळात तर कित्येक ठिकाणी मांत्रिकाला मारून दोघांचा संसार सुखाचा करण्यात आला. संगीताने मात्र आपला निकाल केव्हाच दिलेला आहे. वादळात तीच सुरावट येते, पण आता ती घाबरलेली, धापा टाकणारी. मग ती वाढत वाढत सबंध वाद्यवृंदाच्या कंठातून बाहेर पडते, आणि ऐन टिपेला दुःखी स्वरमेळ उजळ होतो. पाश्चात्त्यांच्या भाषेत मायनरचा मेजर होतो. आपल्याकडच्या श्रोत्याने कोमल गंधाराच्या जागी एकाएकी शुद्ध गंधार लागला अशी कल्पना करावी. हा विजय म्हणावा की मुक्ती? दोघे वाचले असे संगीत म्हणत नाही. त्यांनी दिलेली किंमत वाया गेली नाही, एवढेच ते म्हणते. सत्त्याऐंशी वर्षांच्या माँत्यूने येथे जो आवेश दाखवला आहे तो तरुणांना लाजवील. तबकडीभर जपून ठेवलेला जोर तो येथे खर्च करतो. आधी कोठेही तो उधळलेला नसल्याने ही शेवटची मिनिटे केवळ मोठ्या आवाजाची न राहता खरोखर मोठी होतात.

उणे आणि अधिक

परीक्षणात उणिवा सांगितल्या नाहीत तर ते जाहिरातीसारखे वाटते. तेव्हा त्याही सांगतो. ध्वनिमुद्रण 1962चे आहे. शांत जागी फितीची बारीक खरखर कानाला जाणवते. शेवटच्या कल्लोळात पितळी वाद्ये आणि तालवाद्ये एकमेकांच्या अंगावर येतात. आजच्या ध्वनिमुद्रणांत मिळणारा मोकळेपणा तेथे नाही. आणि कितीही कौशल्याने वेचले तरी दोन वेच्यांच्या मधली दरी कोठे कोठे जाणवतेच. रंगभूमीवर एका दृश्यातून दुसऱ्यात आपण हळूहळू उतरतो. येथे कधी कधी उडी मारावी लागते.

तुलनेसाठी हर्बर्ट फॉन कारायान यांनी 1965 साली व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह केलेली सहा भागांची मालिका ऐकण्यासारखी आहे. तिथला तंतुवाद्यांचा पोत रेशमी, झळाळी मोठी, प्रत्येक तुकडा काचेच्या कपाटात मांडल्यासारखा. एकेक तुकडा घेतला तर कित्येकांना कारायानच अधिक आवडेल. पण ती मालिका संपल्यावर आपण म्हणतो, 'काय सुंदर वाजवले!' माँत्यूची तबकडी संपल्यावर आपण विचारतो, 'मग पुढे त्या राजपुत्राचे काय झाले? आणि मधल्या दरबारात नेमके काय घडले?' पहिली दाद वादनाला आहे, दुसरी कृतीला. आणि वेच्याची परीक्षा ही दुसरीच.

ज्यांच्या मनात तो प्रश्न उभा राहील त्यांच्यासाठी पुढची वाट मोकळी आहे. याच लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने 1976 साली आंद्रे प्रेव्हिन यांच्या संचालनाखाली संपूर्ण 'स्वान लेक' ध्वनिमुद्रित केले. त्यातली एकल व्हायोलिनची कामगिरी इडा हेंडेल या विख्यात वादिकेची. अडीच तासांचा ऐवज आहे. एका बैठकीत ऐकण्याचा हट्ट धरू नये. रोज एक अंक, असे चार दिवस ऐकावे. कीर्तनाच्या सप्ताहाला बसणाऱ्या समाजाला चार दिवस काही फार नाहीत. मुंबईकरांना तर आणखी एक सोय आहे. नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात 2006 साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद उभा राहिला आहे. ओबो, बासून, हार्प ही वाद्ये प्रत्यक्ष वाजताना एकदा पाहिली म्हणजे घरच्या तबकडीतलाही त्यांचा आवाज वेगळा ओळखू येऊ लागतो.

घरात मुले असतील तर त्यांना आधी कथा सांगावी आणि मग दिवे थोडे मंद करून माँत्यूची तबकडी लावावी. हंस कोठे आले, मांत्रिक कोठे आला, शब्द कोठे मोडला हे त्यांना ओळखू द्यावे. ती ओळखतात, मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात. 'हे पाश्चात्त्य संगीत, आपल्याला काय कळणार' ही भीती मोठ्यांची असते, मुलांची नसते.

संबंध कृती ऐकावयास प्रत्येकालाच सवड होईल असे नाही, आणि वेच्यांवाचून आपले चालणारही नाही. मात्र वेचा निवडताना एवढे पाहावे की वेचणाऱ्याने फुले तोडली आहेत की वाट दाखवली आहे. तोडलेली फुले संध्याकाळपर्यंत टिकतात. माँत्यूने जी वाट दाखवून ठेवली आहे ती थेट सरोवरापर्यंत जाते, आणि तिथे आजही तो ओबो आपली हकीकत कोणी पुरती ऐकून घेईल या आशेने गात असतो.